नववा रकाना

३ जून

दादा,

पत्र बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. सगळे धडधाकट आहेत, आईचे गुडघे सोडून, आणि ते तर तू इथे होतास तेव्हापासूनच कुरकुरतायत.

काम आहे म्हणून लिहितेय. काम नसतं तर लिहिलं नसतं, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. तेव्हा उगाच साखर पेरत बसत नाही. आधी फोन केला होता. वहिनीने उचलला, 'ते बाहेर गेलेत' म्हणाली, आणि मागून तुझाच आवाज आला, 'कोण आहे गं?' बिचारीची फजिती झाली. तिला म्हणावं, मी रागावले नाही.

तर ऐक. दुकान बाबांच्या लायसन्सवर चालत होतं. बाबा गेले तसं लायसन्सही गेलं. आता लायसन्सच्या ऑफिसातून नोटीस आली आहे: ऑगस्टअखेर दुकानात लायसन्सवाला माणूस दाखवा, नाहीतर पाटी उतरवा. वीस वर्षं झाली मी बोर्ड भरतेय, भिंती फोडतेय, माळ्यावर पोटावर सरपटत वायरी ओढतेय. कागदावर मी कोण? मदतनीस! म्हणून यंदा लायसन्सच्या परीक्षेला बसतेय. एकोणचाळिसाव्या वर्षी. हसायचं असेल तर आत्ताच हसून घे.

परीक्षेला मी भीत नाही. अडलंय ते दाखल्यावर. ज्या लायसन्सवाल्याच्या हाताखाली निदान पाच वर्षं काम केलं, त्याने अनुभवाचा दाखला भरून सही करायची असते. मी म्हटलं, बाबांची जुनी कागदपत्रं आहेत की. तर ऑफिसातल्या चष्मेवाल्या बाई म्हणतात, 'सही करणारा हयात पाहिजे.' मग उरलास तू. तुला लायसन्स मिळाल्यापासून तू जाईपर्यंत सहा वर्षं मी तुझ्या हाताखाली होते. दाखला सोबत पाठवतेय. नाव, पत्ता, तारखा मी भरल्यात. बाकीचे रकाने, नववा धरून, तूच तुझ्या हाताने भरायचे, असा नियम आहे. पंधरा जुलैच्या आत मला परत हवा.

जे झालं ते झालं. तुझ्या त्या चुकीबद्दल मला काही बोलायचं नाही. चौदा वर्षं झाली. बाबा गेले तेव्हा आलास, पायरीवर बसलास. मी चहा घेऊन बाहेर आले तर पायरी रिकामी. तो चहा मीच उभ्याउभ्या प्यायले.

वहिनीला नमस्कार.

तुझी बहीण


२० जून

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे. तुझा हट्ट म्हणजे गंजलेला स्क्रू, जोर केला की डोकंच झिजतं. हे मी नाही, बाबा म्हणायचे.

मी आपली अभ्यासाला लागलेय. तुझंच जुनं पुस्तक माळ्यावरून काढलं. निम्मी पानं सुटी झालीत. पण दादा, समासात तू काय काय लिहून ठेवलंयस! अर्थिंगच्या धड्यात लिहिलंयस, 'हे फ्यूजला दोनदा समजावणे.' ते वाचून मी दुकानात एकटीच हसत सुटले. गिऱ्हाईक दारात उभं होतं, ते घाबरून म्हणालं, 'मी मग येतो.' फ्यूज म्हणून हाक मारणारं आता कुणी उरलं नाही रे. आमच्या ह्यांना एकदा सांगितलं होतं की घरी मला फ्यूज म्हणायचे, जरा काही झालं की उडायचे म्हणून. तर म्हणाले, 'नाव बरोबर आहे,' आणि पुन्हा पेपर वाचायला लागले.

बाबांनी मला पहिल्यांदा टेस्टर हातात दिला तो दिवस तुला आठवतो? मी आठ वर्षांची होते. आधी चालू ठिकाणी लावून बघ, टेस्टर पेटतो ना याची खात्री कर, मगच बंद ठिकाणी लाव. आणि डावा हात खिशात. एक हात खिशात असला की करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने जात नाही, असं समजावत होते आणि मी रडायला लागले. का, तर माझ्या फ्रॉकला खिसाच नव्हता! मग बाबा माझे सगळे फ्रॉक घेऊन समोरच्या शिंपीकाकांकडे गेले आणि प्रत्येकाला डावीकडे एकेक खिसा लावून आणला. आई किती चिडली होती! 'पोरीला सासरी पाठवायचीय की खांबावर?' शिंपीकाका म्हणाले होते, 'वहिनी, खिसा दोन्हीकडे कामाला येतो.' शाळेत साऱ्या पोरींमध्ये खिसा मला एकटीला. काय मिरवायचे मी!

आणि पाईपातलं बोलणं? तू खालच्या खोलीत, मी वरच्या मजल्यावर, मध्ये भिंतीत पुरलेला रिकामा पाईप. तू खालून तोंड लावून म्हणायचास, 'फ्यूज, झोपलीस का?' आणि तो आवाज असा बारीक होऊन माझ्या कानाशी यायचा. मी वरून शिव्या द्यायचे. एकदा मी मनसोक्त शिव्या दिल्या आणि खाली कान लावून बसले होते बाबा.  जेवताना त्यांनी आईला विचारलं, 'हिला हे शब्द कोण शिकवतं?' आणि तुझा घास घशात अडकला.

आता प्लास्टिकचे पाईप आलेत. वायर सुळकन जाते. मी परवा एका नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर पाईपाला तोंड लावून 'ए' म्हटलं. कुणीच नव्हतं खाली.

आठवणी पुरे. मुद्द्याचं सांगते. दाखला पाठव. तुला नाही पाठवायचा तर नाही म्हणून तरी कळव, म्हणजे मी पाटी उतरवायला शिडी काढते.

फ्यूज


४ जुलै

दादा,

दाखला मिळाला. पाकिटात चिठ्ठीसुद्धा नाही, पण उरलेल्या प्रत्येक रकान्यात तुझं ते मोत्यासारखं अक्षर. 'कामात हुशार', 'नजर चांगली', 'सूचना पाळते'. हे शेवटचं तू कुणाबद्दल लिहिलंस?

मग नववा रकाना वाचला. 'वरील काळात अर्जदाराच्या कामामुळे कोणास अपघात झाला आहे काय?' आणि पुढे तू लिहिलंयस, 'नाही.'

तीन दिवस तो कागद मी टेबलावर ठेवलाय. येताजाता बघते. आमचे हे म्हणाले, 'झालं ना काम? मग टाक की पोस्टात.' मी त्यांच्यावर एवढी उखडले की ते बाहेर जाऊन बसले.

दादा, पहिल्या पत्रात मी 'तुझी ती चूक' लिहिलं. चौदा वर्षं मी तसंच म्हणत आलेय. घरात, बाजारात, बाबांसमोर, स्वतःशीसुद्धा. इतक्या वेळा म्हटलं की मला ते खरंच वाटायला लागलं होतं. आज एकदा सरळ लिहून काढते. तुला सगळं माहीत आहे, पण माझ्या हाताने लिहिलेलं तू कधी वाचलेलं नाहीस.

शिंपीकाकांच्या नव्या दुकानाचं वायरिंग मी केलं. एकटीने. त्या दिवशी करंट आणणारी, फेजची लाल वायर संपली होती. आणायला दुकानापर्यंत जायचा मला कंटाळा आला, म्हणून दोन्ही वायरी काळ्याच ओढल्या. म्हटलं, लक्षात राहील कुठली कुठली ते. नाही राहिलं. बटण फेजवर घालायचं ते न्यूट्रलवर, परतीच्या वायरीवर घातलं. दिवा लागत होता, विझत होता, दिसायला सगळं झकास. पण बटण बंद केलं तरी करंट होल्डरपर्यंत येऊन उभाच. होल्डरला टेस्टर लावला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं.

तू आलास आणि विचारलंस, 'सगळं तपासलंस?' मी म्हटलं, 'हो, तपासलं. तू सही कर, मला चारला जायचंय.' कुठे जायचंय ते तू विचारलं नाहीस. ते 'कुठे' आत्ता बाहेर बसून चहाची वाट बघतंय. एका माणसाला भेटायला उशीर होऊ नये म्हणून मी खोटं बोलले, आणि तू माझ्यावर विश्वास ठेवून सही केलीस.

आठव्या दिवशी काका दिवा बदलायला लोखंडी स्टुलावर चढले. बटण बंद करून चढले, शहाणा माणूस. झटका बसला, खाली पडले, उजवं मनगट मोडलं. पुन्हा त्यांच्या हातात कात्री धरवली नाही.

चौकशीला जायच्या आधी तू मला जिन्यात गाठून म्हणालास, 'तू एक अक्षर बोलायचं नाही. सही माझी आहे. तुझं नाव आलं तर बाबा तुला पुन्हा पक्कड धरू देणार नाहीत.' आणि मी किती आज्ञाधारक! जन्मात तुझं ऐकलं ते तेवढंच.

तरी तेही तू पोटात घातलं असतंस. मला माहीत आहे तू कशामुळे गेलास. त्या संध्याकाळी बाबा तुझ्यावर ओरडत होते आणि मध्येच माझ्याकडे वळले. 'तू होतीस ना तिथे? याने तपासलं होतं की नाही?' तू माझ्याकडे बघितलंस. आणि मी म्हणाले, 'मला काय माहीत.'

तीन शब्द. बाबांनी तुला घराबाहेर काढलं आणि मला दुकानाची किल्ली दिली. पुढे येईल त्याला सांगायचे, 'मुलाने नाव घालवलं, पोरीने राखलं.' मी तिथेच उभी असायचे. एकदाही तोंड उघडलं नाही. ते गेले त्या दिवशीसुद्धा हेच समजून गेले. याची मला लाज वाटते, दादा, इतकी की बाबांच्या फोटोकडे मी सरळ बघत नाही.

आणि आता पुन्हा तू लिहून पाठवतोस, 'नाही.' का रे? मी काही आता लहान आहे का?

तुझी
फ्यूज


१० जुलै

दादा,

घाईत लिहितेय, टपाल निघायच्या आत.

काल शिंपीकाकांकडे गेले. ते हल्ली मशीनमागे खुर्चीत बसून असतात. काकू कापड कापतात आणि काका बसल्या जागेवरून 'अजून बोटभर, अजून बोटभर' करतात. मी उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. बसले असते तर सांगवलं नसतं.

 काकूंनी कात्री खाली ठेवली. मग काका म्हणाले, 'चौदा वर्षं तुझ्या दादाला शिव्या घातल्या गं मी. रोज, हात दुखला की एक. त्या आता परत कशा घेऊ?' मी म्हटलं, 'मला घाला.' तर म्हणाले, 'आता दम नाही राहिला.' आणि मग, 'तुझ्या फ्रॉकांना खिसे मीच लावले होते.' एवढंच. मी घरी येऊन पोटभर रडले. काकूंनी निघताना 'ये पुन्हा' म्हटलं नाही आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

तिथून ऑफिसात गेले. तुझं 'नाही' खोडून मी 'होय' लिहिलं होतं. चष्मेवाल्या बाईंनी कागद उजेडात धरला. 'हे काय? खाडाखोड चालत नाही. आणि हा रकाना सही करणाऱ्याने भरायचा, तुम्ही नाही.' मी म्हटलं, 'बाई, पण खरं ते मी लिहिलंय.' 'खरं असेल हो, पण अक्षर वेगळं आहे.' असं आहे बघ आपलं नशीब. खोटं चाललं असतं, खरं चालत नाही.

मग आवाज उतरवून म्हणाल्या, 'विचार करा. होय लिहिलं तर तोंडी परीक्षेला बोलावून विचारतील. नापास करू शकतात.' मी म्हटलं, 'करू देत.' तोंडाने म्हटलं खरं. लायसन्स गेलं तर दुकान गेलं. मला दुसरं काही येत नाही दादा, आणि यायलाही नको आहे.

कोरा दाखला सोबत आहे. पंधरा तारीख शेवटची. नववा रकाना तूच भर, पण खरा भर. माझ्यासाठी पुन्हा खोटं लिहिलंस तर तो दाखला मी फाडून टाकेन. मला ओळखतोस तू.

फ्यूज


२१ ऑगस्ट

प्रिय दादा,

तुझा दाखला चौदा तारखेला दुपारी आला. पोस्टमनच्या हातून मी तो जवळजवळ हिसकावूनच घेतला. सरळ नवव्या रकान्यावर गेले. 'होय. काम अर्जदाराचे. तपासण्याची जबाबदारी माझी. मी न तपासता सही केली.'

हे शेवटचं वाक्य मी मागितलं नव्हतं. पण वाचलं आणि कळलं की चौदा वर्षं तू नुसता माझ्यावर रागावलेला नव्हतास. स्वतःवरही होतास. मला कधी हे सुचलंच नाही. मला वाटायचं, दोष एकाचाच असतो, आणि तो कुणाच्या माथी मारायचा एवढाच प्रश्न असतो.

परीक्षेचं सांगते. लेखी सोपी होती. प्रॅक्टिकलला एक बोर्ड दिला होता, त्यात मुद्दाम केलेल्या चुका शोधायच्या. तीन सापडल्या. शेजारचा मुलगा दोनवर अडला होता आणि माझ्याकडे आशेने बघत होता. मी बघितलं न बघितलं केलं. बटण न्यूट्रलवर, ही तिसरी होती. तिथे मी दोनदा टेस्टर लावून बघितला. डावा हात खिशातच होता.

तोंडी परीक्षेला तिघे बसले होते. त्यातल्या म्हाताऱ्या साहेबांनी दाखला पुढे सरकवून विचारलं, 'हे काय आहे?' मी सांगितलं. लाल वायर, काळी वायर, चार वाजता जायचं होतं, सगळं. ते म्हणाले, 'बाई, हे तुम्ही लिहून आणलं नसतं तर आम्हाला कळलंसुद्धा नसतं.' मी म्हटलं, 'मला कळत होतं ना.' दुसरा साहेब खिडकीबाहेर बघायला लागला.

परवा निकाल लागला. लेखी पास, प्रॅक्टिकल पास, लायसन्स नाही. एक वर्षाने पुन्हा अर्ज करा, आणि हे वर्ष लायसन्सधारकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली काम केल्याचा दाखला जोडा. मी ऑफिसाच्या जिन्यात बसून राहिले. रडू नाही आलं, राग नाही आला. खरं सांगू? खूप वर्षांनी पहिल्यांदाच मला हलकं वाटत होतं, आणि दुकान जाणार म्हणून जीव तुटतही होता. दोन्ही एकदम.

तेवढ्यात चष्मेवाल्या बाई जिना उतरून खाली आल्या. शेजारी बसल्या, पायरीवर, साडीचा विचार न करता. म्हणाल्या, 'तुमचा जबाब तुमच्या भावाच्या फाईलला लावला आहे. अपघात त्यांच्या कामामुळे झाला असा जो शेरा होता, तो साहेबांनी आज बदलला. या भागात ठेकेदारीला, तुमच्या दुकानालाही, त्यांचं नाव घालायला आता हरकत नाही.' मी विचारलं, 'म्हणजे?' तर म्हणाल्या, 'म्हणजे काय ते घरी जाऊन त्यांना लिहा.'

घरी आले आणि आधी आईला सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. ती भाजी निवडत होती. हात थांबले नाहीत तिचे. म्हणाली, 'तुझा चेहरा त्या दिवसापासून वेगळा होता. मला वाटलं, दादा गेला म्हणून.' मग म्हणाली, 'त्याला म्हणावं, पायरीवर बसू नकोस, आत ये.' बाबांच्या फोटोसमोरही उभी राहिले. त्यांना सांगायला जास्त वेळ लागला.

आता मागणं. मला माहीत आहे, तुझी तिथे कारखान्यात बरी नोकरी आहे, वहिनीची शाळा आहे, मुलं तिथेच वाढली. आणि मी कोणत्या तोंडाने मागतेय हेही मला कळतं. पण दुकानात लायसन्सवाला माणूस दाखवायला दहा दिवस उरलेत. तू येऊन राहायलाच हवं असं नाही. आठवड्यातून दोन दिवस ये, झालेली कामं बघ, सह्या कर. बाकी ओढाताण माझी. नाही म्हणालास तरी मी पुन्हा फुरंगटून बसणार नाही. पाटी उतरवेन आणि पुसून आत ठेवेन.

येणार असलास तर एक अट आहे, आणि ती मी घालतेय, तू नाही. मी कितीही घाईत असले, कितीही छातीठोकपणे सांगितलं की सगळं तपासलंय, तरी माझ्या शब्दावर जायचं नाही. स्वतः शिडीवर चढायचं, स्वतः टेस्टर लावायचा, मगच सही करायची. मी खाली शिडी धरून उभी राहीन.

तुझी
फ्यूज